दूध संघाचा डेटाबेस सर्व्हर मी कसा सांभाळते

पहाटे साडेपाचला गावोगावच्या संस्थांत काट्यावर पहिली किटली रिकामी होते आणि पावणेसहाच्या सुमारास आमच्या सर्व्हरवर नोंदी येऊ लागतात. उत्पादकाचा क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून इतर घन घटक), दर, रक्कम. साडेआठपर्यंत ही सर चालते, दिवसभर तुरळक काम असतं आणि संध्याकाळी साडेपाचला दुसरी सर सुरू होते. महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला दहा दिवसांची बिलं निघतात. त्या रात्री सर्व्हरला श्वास घ्यायला फुरसत नसते. अकरा वर्षं हा सर्व्हर माझ्याकडे आहे: लिनक्सवर चालणारा पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हा डेटाबेस, एक मुख्य आणि दुसऱ्या इमारतीत त्याची सतत मागोमाग चालणारी प्रत.

पतसंस्था, कारखाना, दवाखाना, कुठेही नुकताच ज्याच्या गळ्यात डेटाबेस पडलाय, त्याच्यासाठी हे लिहितेय. उदाहरणं पोस्टग्रेसची आहेत, कारण मला तेच खात्रीने सांगता येतं. तक्त्यांची आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत, अधोरेषांसकट लिहायची.

आधी वही, मग साधनं

नवीन माणूस पहिल्या दिवशी ग्राफाना हे आलेख काढणारं साधन बसवायला घेतो. सुंदर आलेख दिसतात, पण त्यातला कुठला आकडा चांगला आणि कुठला वाईट हे त्याला कळत नाही. कनेक्शन ६० आहेत म्हणजे काय? आमच्याकडे सकाळी सातला ६० असणं अगदी ठीक आहे. दुपारी दोनला ६० दिसले तर मी जेवण टाकून उठते. चांगल्या दिवसाचा आकडा माहीत नसेल, तर वाईट दिवसाचा आकडा पाहून काहीच ठरवता येत नाही.

म्हणून पहिले दहा दिवस, एक पूर्ण बिलाचा फेरा, फक्त नोंदी करा. दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी: कनेक्शन किती, त्यातली काम करणारी किती, सर्वांत जुना व्यवहार (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा कामांचा गट) किती वेळापासून उघडा आहे, डिस्कवर किती जागा उरली, प्रत मुख्य सर्व्हरच्या किती मागे आहे. पाच आकडे. मी ते वहीत लिहिले होते आणि ती वही अजून टेबलावर असते. हाताने लिहिलेला आकडा डोक्यात बसतो.

या पाहणीसाठी वेगळा वापरकर्ता तयार करा. सुपरयुजरने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याने, रोज आत शिरायची सवय लावू नका. आवृत्ती १० पासून पोस्टग्रेसमध्ये पीजी_मॉनिटर नावाची तयार भूमिका आहे. ती दिली की तो वापरकर्ता सगळ्यांच्या क्वेरी (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) आणि आकडेवारी पाहू शकतो, पण तुमच्या तक्त्यांतला मजकूर त्याला दिसत नाही. कुणाची अडकलेली क्वेरी थांबवायचा अधिकार हवा असेल तर पीजी_सिग्नल_बॅकएंड ही भूमिकाही जोडा.

पीजीॲडमिन ४, पोस्टग्रेस पडद्यावरून हाताळायचा प्रोग्रॅम, बहुतेकांकडे असतंच. त्याच्या डॅशबोर्डवर चालू सेशन, कुलुपं (एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारी), सेकंदाला होणारे व्यवहार दिसतात. आत्ता काय चाललंय हे पाहायला ते उत्तम आहे. रात्री अडीचला काय झालं होतं, हे मात्र ते सांगू शकत नाही. त्यासाठी लागणारी साधनं पुढे येतील.

चार वाजता उघडलेली खिडकी

सगळ्यात आधी शिकायचा तक्ता म्हणजे पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी. सर्व्हरशी जोडलेल्या प्रत्येकाची यात एक ओळ असते: प्रक्रिया क्रमांक, वापरकर्ता, कुठल्या मशीनवरून आला, स्थिती काय, व्यवहार कधी सुरू झाला, कशाची वाट बघतोय, आणि क्वेरी. स्थितीचा रकाना नीट वाचा. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे काम चालू आहे. ‘आयडल’ म्हणजे निवांत बसलाय, त्याचा त्रास नाही. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणजे व्यवहार उघडला, काहीतरी केलं, आणि पक्कं किंवा रद्द न करता तसाच बसलाय. त्रास देतो तो हा. आणखी एक गोष्ट नवीन माणसाला फसवते: निवांत सेशनसमोर क्वेरीच्या रकान्यात दिसतं ते त्याने शेवटी चालवलेलं वाक्य. ते आत्ता चालू असतंच असं नाही.

एका ११ तारखेची गोष्ट. दुपारी चारला आमच्याच विभागातल्या एका मुलाने दरपत्रकाच्या तक्त्यात नवा रकाना जोडायची आज्ञा दिली. पीजीॲडमिनमध्ये त्याचा ऑटो कमिट, म्हणजे प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की करणं, बंद होता. आज्ञा यशस्वी झाली असं पडद्यावर आलं, कमिट करायचं राहिलं, आणि तो मीटिंगला गेला. तक्त्याची रचना बदलणारी अशी आज्ञा सगळ्यांत कडक कुलूप लावते, ज्यापुढे साधं वाचनही थांबतं. चार ते साडेपाच दरपत्रक फारसं कुणी वाचत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. साडेपाचला संकलन सुरू झालं. प्रत्येक नोंदीला दर हवा, प्रत्येक नोंद त्या कुलपापाशी येऊन उभी राहिली. पोस्टग्रेसची कमाल कनेक्शनं मूळ सेटिंगनुसार १०० असतात आणि त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. पावणेसहाला ९७ भरली. सचिवांचे फोन सुरू झाले: मॅडम, पावती निघत नाही, माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी आहेत.

त्या राखीव ३ जागांपैकी एकीतून मी आत शिरले. तुमचं ॲप्लिकेशन सुपरयुजरच्या नावाने जोडलेलं असेल तर ते आजच बदला, नाहीतर ही वाटही ते खाऊन टाकेल.

अशा वेळी काय करायचं ते क्रमाने सांगते. पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन प्रक्रिया क्रमांक घेतं आणि तिला अडवणाऱ्यांचे क्रमांक देतं. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीतल्या प्रत्येक ओळीसमोर ते लावा. बहुतेकांसमोर क्रमांक येतील, कारण रांगेतला प्रत्येक जण पुढच्यामुळे अडलेला असतो. यादी पाहून घाबरू नका. जो दुसऱ्यांना अडवतोय पण ज्याच्या स्वतःसमोर यादी रिकामी आहे, तो मुळाशी आहे. आमच्याकडे तो ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’मध्ये, पावणेदोन तासांपासून बसलेला निघाला.

आता त्याला सोडवायचं. पीजी_कॅन्सल_बॅकएंड चालू क्वेरी थांबवतं. पण या सेशनची क्वेरी तर कधीच संपलेली होती, थांबवायला काही नव्हतंच. मी दोनदा कॅन्सल मारलं, काही हललं नाही. इथे पीजी_टर्मिनेट_बॅकएंड लागतं. ते कनेक्शनच तोडतं आणि उघडा व्यवहार मागे फिरवतं. ते दिलं आणि पाच सेकंदांत रांग मोकळी झाली. लिनक्सच्या बाजूने किल उणे नऊ मात्र कधीही देऊ नका. पोस्टग्रेसचं एक बॅकएंड, म्हणजे एक कनेक्शन सांभाळणारी प्रक्रिया, असं मारलं की मुख्य प्रक्रिया सामायिक मेमरीवरचा विश्वास सोडते, सगळ्यांची कनेक्शनं तोडते आणि दुरुस्तीच्या फेऱ्यात जाते. एका रांगेसाठी आख्खा बाजार बंद.

त्या रात्री मी तीन गोष्टी बदलल्या. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट हे सेटिंग मूळ शून्य, म्हणजे बंद असतं. माणसं हाताने वापरतात त्या वापरकर्त्यांना ते १० मिनिटांवर लावलं. तक्त्याची रचना बदलणाऱ्या प्रत्येक आज्ञेआधी लॉक_टाइमआउट ३ सेकंद लावायचा नियम केला. कुलूप मिळालं नाही तर आज्ञाच माघार घेते, तिच्यामागे रांग लागत नाही. आणि लॉग_लॉक_वेट्स चालू केलं, म्हणजे एक सेकंदापेक्षा जास्त कुलपापाशी थांबलेल्या प्रत्येकाची नोंद लॉगमध्ये पडते. त्या मुलाला मी रागावले नाही. सर्व्हरने ती चूक पोटात घ्यायला हवी होती, तशी तयारी मी केली नव्हती.

कुठली क्वेरी खरंच महाग

पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन, म्हणजे जोडभाग, पोस्टग्रेससोबतच येतं, पण आपोआप चालू होत नाही. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज या सेटिंगमध्ये त्याचं नाव घालून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, मग डेटाबेसमध्ये क्रिएट एक्स्टेन्शन. रीस्टार्ट लागतो म्हणून लोक पुढे ढकलतात. ढकलू नका, दुपारी दोनच्या शांत वेळेत उरकून घ्या.

हे एक्स्टेन्शन एकसारख्या क्वेरी एका ओळीत गोळा करतं. उत्पादक क्रमांक ४१२ आणि ७०८ साठीच्या दोन क्वेरी त्याच्या लेखी एकच असतात, बदलती किंमत बाजूला काढून. समोर एकूण किती वेळा चालली, एकूण वेळ, सरासरी वेळ, किती ओळी आल्या. आवृत्ती १३ पासून एकूण वेळेच्या रकान्याचं नाव टोटल_एक्झेक_टाइम आहे. जुनी स्क्रिप्ट चालली नाही तर आधी हेच तपासा.

यादी लावायची ती एकूण वेळेने. सरासरीने लावली की वर येतो महिन्याचा कुठलातरी अहवाल, ९० सेकंद घेणारा, आणि सगळे त्याच्या मागे लागतात. तो महिन्यातून एकदा चालतो. आमच्याकडे दर शोधणारी क्वेरी ४० मिलिसेकंद घ्यायची, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही इतकी. पण ती दहा दिवसांत २ लाख वेळा चालली. गुणाकार करा: ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांचं काम. एक्स्प्लेन ॲनालाइझने, म्हणजे क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या आज्ञेने, पाहिलं तर ती दरवेळी सगळा दरतक्ता वरपासून खालपर्यंत वाचत होती, जुने बंद झालेले दरही. तारीख, दुधाचा प्रकार आणि फॅट यांवर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, केला आणि ती एका मिलिसेकंदाच्या आत आली. चालू सर्व्हरवर इंडेक्स करताना क्रिएट इंडेक्सपुढे कॉन्करंटली हा शब्द विसरू नका. नुसती आज्ञा दिली तर इंडेक्स पुरा होईपर्यंत त्या तक्त्यात कुणाला लिहिता येत नाही. कॉन्करंटलीला वेळ जास्त लागतो, मध्येच फसला तर अर्धवट अवैध इंडेक्स मागे राहतो आणि तो काढून पुन्हा करावा लागतो. तरी संकलन चालू असताना तोच मार्ग.

ही आकडेवारी साठत जाते, म्हणून प्रत्येक बिलानंतर मी वरच्या २० ओळी एका तक्त्यात तारखेसह साठवते आणि मग आकडे शून्य करते. दोन फेऱ्यांची तुलना केली की नवीन आलेली क्वेरी लगेच उठून दिसते. लॉगमधून हेच काम करायचं तर पीजीबॅजर आहे. लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट ५०० मिलिसेकंदांवर लावा, लॉग त्याला द्या, तो ब्राउझरमध्ये उघडणारा अहवाल देतो. वरिष्ठांना दाखवायला तो फार उपयोगी पडतो.

रात्री पहारा कोण देणार

प्रोमेथियस हे साधन २०१२ साली साउंडक्लाउडमध्ये सुरू झालं. त्याची पद्धत साधी आहे. ते ठरावीक अंतराने प्रत्येक मशीनचं दार ठोठावतं, आकडे विचारतं आणि वेळेसह साठवतं. पोस्टग्रेसच्या वतीने उत्तर द्यायला पोस्टग्रेस_एक्स्पोर्टर असतो, पोर्ट ९१८७ वर. मशीनच्या वतीने, म्हणजे डिस्क, मेमरी, प्रोसेसर, नोड_एक्स्पोर्टर, पोर्ट ९१०० वर. प्रोमेथियस स्वतः ९०९० वर आणि आलेख काढणारं ग्राफाना ३००० वर. एक्स्पोर्टरला तोच पीजी_मॉनिटर भूमिकेचा वापरकर्ता द्या.

बसवताना तीन गोष्टी सांभाळा. प्रोमेथियस डेटाबेसच्याच मशीनवर बसवू नका. मशीन गेलं तर पहारेकरीही जाईल. प्रोमेथियस आणि एक्स्पोर्टरला मूळ मांडणीत लॉगिन नसतं, म्हणून ती पोर्टं फायरवॉलने आतल्याच मशीनपुरती ठेवा, आणि ग्राफानाचा पहिला पासवर्ड त्याच मिनिटाला बदला. तिसरी, प्रोमेथियस मुळात फक्त १५ दिवसांचे आकडे ठेवतं. आमचा फेरा दहा दिवसांचा, त्यामुळे दोन बिलंही पुरती शेजारी दिसत नव्हती. मी ९० दिवस केले. तुमच्या कामाचा फेरा महिन्याचा असेल तर किमान १०० दिवस ठेवा.

ग्राफानावर तयार डॅशबोर्ड मिळतात, त्यात चाळीस-चाळीस चौकटी असतात. मी ते उतरवून घेतले आणि वहीतल्या पाच आकड्यांशिवाय सगळं काढून टाकलं. प्रत्येक आलेखात दहा दिवसांपूर्वीची त्याच वेळेची रेघ फिकट रंगात मागे टाकली. ११ तारखेची रात्र १ तारखेच्या रात्रीवर ठेवून पाहता येते. आकड्यापेक्षा त्या दोन रेघांमधलं अंतर मला जास्त सांगतं.

इशाऱ्यांचे दोनच प्रकार ठेवा: झोपेतून उठवणारे आणि सकाळपर्यंत थांबणारे. उठवणारे माझ्याकडे चार आहेत: सर्व्हर उत्तर देत नाही, कनेक्शन ८० च्या वर पाच मिनिटं टिकली, संकलनाच्या वेळेत एखादा व्यवहार दहा मिनिटांपासून उघडा आहे, आणि डिस्क चोवीस तासांत भरणार आहे. शेवटच्यासाठी प्रोमेथियसमध्ये प्रेडिक्ट_लिनिअर हे फंक्शन आहे. मागच्या सहा तासांचा उतार पाहून ते पुढचा अंदाज देतं. ‘डिस्क ८० टक्के भरली’ या इशाऱ्यापेक्षा हा कितीतरी शहाणा. ८० टक्क्यांवर वर्षभर शांत असलेली डिस्क मी पाहिलीय, आणि ५५ वरून एका रात्रीत भरायला निघालेलीही.

ती दुसरी डिस्क कशाने भरत होती तेही सांगते, कारण हे अनेकांच्या वाट्याला येतं. प्रत असलेल्या इमारतीत रंगकाम निघालं, कुणीतरी तिथलं मशीन बंद केलं. मुख्य सर्व्हरवर त्या प्रतीसाठी रेप्लिकेशन स्लॉट होता. स्लॉटचा अर्थच असा की प्रतीने वाचेपर्यंत बदलांच्या नोंदी, म्हणजे वॉल फायली, जपून ठेवायच्या. प्रत वाचत नाही, मुख्य सर्व्हर टाकत नाही, १६ एमबीची एकेक फाइल साठत जाते. बिलाच्या रात्री त्या भराभर वाढतात. ती जागा पुरती भरली तर पोस्टग्रेस बंद पडतं.

अशा वेळी पीजी_वॉल फोल्डरमधल्या फायली हाताने पुसायचा मोह होतो. ते केलं तर डेटाबेस पुन्हा उभा राहीलच याची खात्री नाही. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स तक्ता पाहा, ॲक्टिव्ह रकान्यात नकार असलेला स्लॉट शोधा, प्रत लवकर परत येणार नसेल तर तो पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉटने काढा. पुढच्या चेकपॉइंटला, म्हणजे साठलेले बदल डिस्कवर पक्के लिहायच्या वेळी, जागा मोकळी होते. प्रत नंतर नव्याने उभी करावी लागते, ती करता येते. आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ आहे, ते मुळात अमर्याद असतं. डिस्क पाहून आकडा घाला. स्लॉट नसतानाही फायली साठत असतील तर पीजी_स्टॅट_आर्काइव्हर पाहा. वॉल साठवायची आज्ञा नापास होत असली तरी फायली तशाच पडून राहतात.

व्हॅक्युमबद्दल थोडक्यात. पोस्टग्रेस बदललेल्या ओळीची जुनी प्रत लगेच टाकत नाही, ऑटोव्हॅक्युम ती नंतर झाडतो. मूळ हिशेब असा: ५० ओळी अधिक तक्त्याचे २० टक्के मृत झाल्यावर झाडू निघतो. आमच्या ४० लाख ओळींच्या तक्त्यात म्हणजे ८ लाख मृत ओळी होईपर्यंत कुणी हलत नाही. त्या तक्त्यापुरतं प्रमाण २ टक्के केलं आणि बिलाच्या दुसऱ्या दिवसाची संथ सकाळ संपली. ऑटोव्हॅक्युम बंद कधीच करू नका. व्यवहार क्रमांक ३२ बिटांचे, म्हणजे मर्यादित असतात, पुन्हा वापरता यावेत म्हणून जुने गोठवायचं कामही तोच करतो. डेटाबेसचं वय, म्हणजे न गोठवलेल्या सगळ्यांत जुन्या क्रमांकानंतर किती क्रमांक वापरले गेले तो आकडा, २० कोटींच्या आसपास जाऊन खाली येणं हे निरोगी लक्षण आहे. २०० कोटींच्या पुढे सरकलं तर सर्व्हर लिहिणंच थांबवतो. मी ५० कोटींवर इशारा लावलाय. वय उतरत नसेल तर बहुधा जुना उघडा व्यवहार किंवा मेलेला स्लॉट त्याला धरून बसलेला असतो.

बॅकअप चालतो की नाही, हे कसं ओळखायचं

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याने प्रत समजून मुख्य सर्व्हरची डेटाची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधले, तर पीजी_डम्प हा बॅकअप काढणारा प्रोग्रॅम बरेच दिवस नापास होत होता: डेटाबेस ९.६ आणि डम्प करणारा प्रोग्रॅम ९.२ चा. नापास झाल्याचे ईमेल निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी कामाला आली ती सहा तास आधी दुसऱ्याच कारणासाठी घेतलेली एक प्रत. त्यांनी हे सगळं स्वतः उघडपणे लिहून ठेवलं, त्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

त्यातून मी उचललं ते असं. बॅकअप ‘नापास झाला’ या इशाऱ्यावर विसंबत नाही. बॅकअप यशस्वी झाला की स्क्रिप्ट वेळेचा शिक्का प्रोमेथियसला देते, आणि शिक्का २६ तासांपेक्षा जुना झाला की फोन वाजतो. निरोप पोचलाच नाही तरी शिक्का जुना होतोच. दोन्ही सर्व्हरच्या टर्मिनलचे रंगही वेगळे केले: मुख्य लाल, प्रत हिरवी.

आणि दर दुसऱ्या शनिवारी दुपारी मी बॅकअप एका रिकाम्या मशीनवर उतरवते. किती मिनिटं लागली ते वहीत लिहिते. वरिष्ठ विचारतील ‘परत कधी सुरू होईल’, तेव्हा सांगायचा आकडा तोच. मग शेवटची नोंद किती वाजताची आहे ते पाहते. त्यानंतर कुठल्याही तीन संस्था निवडते आणि आदल्या दिवशीच्या सकाळचं एकूण दूध उतरवलेल्या डेटाबेसमधून काढते. त्या संस्थांच्या सचिवांना फोन लावून त्यांच्या रजिस्टरमधला आकडा विचारते. लिटर दशांशापर्यंत जुळले, तरच त्या तारखेसमोर सही करते.